अर्जंट, मोठ्या अक्षरात

३ तारीख
ठरलं. शाळा सोडली तेव्हा सगळे हसले. उभं राहून मोठ्याने वाचायला लावायचे, त्याने कोणाचं भलं झालंय? आता धंदा. अर्जंट मालाचा. कारखान्यात मशीन बंद पडलं, पार्ट दुसऱ्या टोकाला, ट्रान्सपोर्टवाला म्हणतो परवा. मी म्हणणार आत्ता. गाडी माझी, ड्रायव्हर मी. साहेब नाही, ऑफिस नाही, कोणाशी बोलणं नाही.
बाबा गाडी घेऊन देणार. एकच, एकदाच. महिनाअखेर धंदा उभा राहिला नाही तर काकांच्या लाँड्रीत कामाला. काकांना जगात फक्त सुरकुत्या दिसतात. मला बघितलं की आधी माझी कॉलर सरळ करतात.

५ तारीख
मोबाईलवर गाड्यांचा अभ्यास. तीनचाकी: गिऱ्हाईक हसेल. पिकअप: उघडा, माल भिजणार. ट्रक: अडाण्यांचं काम. बंद व्हॅन हीच खरी. ताई म्हणाली, आधी माल कुठला नेणार ते ठरव, मग गाडी बघ. ताई स्कूलबस चालवते. पोरं म्हणजे माल नव्हे. दुर्लक्ष केलं.

८ तारीख
लायसन्सची टेस्ट पुढे ढकलली. परत. टेस्ट घेणारा शेजारी बसून नुसता बघत राहतो. असं बघत राहिल्यावर कोण गाडी चालवेल? तोवर ताई चालवेल. मालकानेच चालवलं पाहिजे असं कुठे लिहिलंय?
(तीन तारखेला मीच लिहिलंय. असो.)

११ तारीख
जुन्या गाड्यांच्या यार्डात. दलाल एक नंबरचा चालू. मला 'छोटे शेठ' म्हणाला. माणसांची पारख आहे तेवढी.
पांढरी व्हॅन. उंच, ऐसपैस. टेप लावून मापं घेतली. बाहेरून. मागचं दार बंद होतं, किल्ली दलालाकडे, दलाल चार माणसांत गप्पा छाटत बसलेला. हाक मारावी लागली असती. पत्रा असतो कितीसा जाड! बाहेरचं माप तेच आतलं, हे शाळेत बसलेल्या पोरांनासुद्धा कळतं.
ताई बॉनेटमध्ये डोकं घालून होती. तिथूनच ओरडली, आतून बघितलीस ना रे? मी मान हलवली. माझी मान कशीही हलते. अर्थ ज्याने त्याने लावावा.

१४ तारीख
गाडी दारात. मागचं दार उघडलं. भिंती वीतभर जाड. आधी आईस्क्रीमची गाडी होती म्हणे. दलालाने सांगितलं नाही. आई म्हणाली, तू विचारलंस? हा काय प्रश्न झाला!
ताई आत शिरून हात पसरायला गेली, दोन्ही कोपरं आपटली. मग इतकी हसली की तिथेच बसली. बाबांना सांगितलं, मुद्दामच घेतली, जाड भिंतींत माल सुरक्षित. बाबा उठून आत गेले. पटलं की ते उठून जातात.

१७ तारीख
पेंटरने गाडीवर लिहिलं: अर्जंट. लाल, हातभर अक्षरं. पुढे काय लिहू म्हणाला. 'मालवाहतूक' सांगायचं होतं. पण तो शिडीवर, रस्त्यात लोक, ओरडावं लागलं असतं. एक शब्द पुरे. नंबर विचारला. माझा दिला तर लोक फोन करतील. चिठ्ठीवर लाँड्रीचा लिहून दिला. काका दिवसभर फोनवर बोंबलतच असतात. फुकटचा क्लार्क.

२६ तारीख
फोन आला! छापखाना बंद पडलाय, वर्कशॉपमधून मशीनचा रोलर आणायचा, आत्ताच्या आत्ता. काका सायकल हाणत निरोप घेऊन आले. ताईने गाडी पळवली.
रोलर तिरका घातला. उभा घातला. आडवा घातला. दार लागेना. वर्कशॉपवाला म्हणाला, अरे, रोलर न्यायला आलात की कुल्फी? मी पुढे सीटवर बसून होतो.
ताई म्हणाली, छापखान्याला फोन तू कर, धंदा तुझा आहे. केला. पलीकडून आवाज आला, कुठवर आलात? जमतंय ना? मी मान हलवली. तो हॅलो हॅलो करत राहिला. फोनवर मान दिसत नाही, ही फोनवाल्यांची चूक.
रोलर तीनचाकीतून गेला. टोक बाहेर, त्याला लाल फडकं बांधून. कोणी हसलं नाही.

३० तारीख
गाडी लाँड्रीला दिली. आत आडवा दांडा मारला, इस्त्रीचे कपडे टांगून जातात. जाड भिंतींमुळे धूळ नाही. मी म्हणालोच होतो. पाटीसुद्धा बदलावी लागली नाही. लाँड्रीतही अर्जंट असतंच, नंबरही तोच. काका म्हणाले, पोरगं लांबचं बघतं हो! कौतुक की टोमणा, कळलं नाही.
ताईने स्कूलबस सोडली. स्टिअरिंगवर ती, मागे हँगर धरून मी. आत बोलायला कोणी नाही. मला धंद्यात हेच हवं होतं.
आज पहिला अर्जंट माल पोचवला. एक कोट. दारात बाईंनी विचारलं, डाग गेला ना रे? मी मान हलवली.
संध्याकाळी कोट परत आला. अर्जंट.