मद्राशाच्या सिनेमातलं माझं एक वाक्य

कुंभिवली, ता. खालापूर
रविवार, ११ डिसेंबर १९८३

चि. शकू हिला मोरूदादाचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. तुझी वहिनी गुडघ्याने हैराण आहे, तोंड मात्र ठणठणीत आहे. भात झोडून घरात आलं. रसायनीच्या कारखान्यांकडून वारा सुटला की अजून डोळे चुरचुरतात. तुझ्या जिजाला मुलगा झाला हे तुमच्या पोशीरला फेऱ्या मारणाऱ्या पोपट टेंपोवाल्याकडून कळलं. बारशाचं बोलावणं आलं नाही. पोस्टात हरवलं असेल, असं मी घरात सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही, माझाही नाही.

हे पत्र जिजाकडून वाचून घेऊ नकोस. तुला अक्षर लावून वाचता येतं. वेळ लागेल, लागू दे.

वैयापुरी गेले. आपण ज्यांना सहा महिने नुसतं मद्राशी म्हणत होतो, ते. सप्टेंबरात मद्रासच्या इस्पितळात वारले. मला हे कारखान्यातल्या पेरुमाळ फिटरने सांगितलं. त्यांच्या कॉलनीत तमिळ मंडळी मिळून तीन तारखेच्या शनिवारी वैयापुरींचा सिनेमा दाखवणार होती, आणि पेरुमाळ मला बोलवायला थेट घरी आला. मला लगेच शंका आली. बारा वर्षांनी यांना माझी आठवण कशी? कुणी पाठवलं याला? तूच तर नव्हेस? मी तीनदा विचारलं. तो हसून म्हणाला, "काका, सिनेमात तुमचं शेत आहे, म्हणून आलो."

माझा स्वभाव तुला नवा नाही. दूधवाल्यासमोरसुद्धा मी दुधात बोट बुडवून बघतो. त्यात एकाहत्तर साली हा माणूस आपल्या घरात राहायला आला तो मिशी नाही, टोपी नाही, खांद्याला शबनम आणि पायात टायरच्या चपला. सिनेमा काढतो म्हणाला. हिरो कुठाय म्हटलं तर रस्त्याच्या कामावरचा एक काळा खडी फोडणारा दाखवला. हिरॉइन? नाही. गाणी? एकही नाही. मग हा सिनेमावाला कसला? गावात कुणी म्हणालं सीआयडी आहे, कुणी म्हणालं कारखान्यासाठी जमिनी हेरतोय. आणि तुला त्याने तेवढं सांगितलं, "शकूबाई, रोजच्यासारखं काम करा. नवं लुगडं नको." कॅमेऱ्याकडे बघून तू हसलीस की तो चिडायचा नाही, बांधावर बसून राहायचा. तू त्याला विसरलीस की मग काम सुरू.

पण माझ्या डोळ्यात सलले ते चार खुंट. खालच्या शेतातल्या रस्त्याकडच्या खाचराच्या चारी कोपऱ्यांना त्याने चुना लावलेले खुंट ठोकले. दर महिन्याला कॅमेरा त्याच जागी उभा राहावा म्हणून, असं सांगायचा. राब भाजणी, लावणी, बेणणी, सगळं तू करताना त्याने काढलं आणि वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं.

मी खालापूरच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाला विचारलं. तो म्हणाला, "कसणाऱ्याचा तारखेवार फोटो म्हणजे पक्का पुरावा." झालं. माझ्या डोक्यात कूळकायदा शिरला. आपल्या बाबांनी सावकाराची जमीन तशीच तर मिळवली होती, कसेल त्याची म्हणून. मला वाटलं, मद्राशी तुला कूळ म्हणून उभी करणार आणि शेत माझ्या हातून जाणार. मग वाटलं, तूही त्यात सामील आहेस. तुमचं बांधावर काय बोलणं चालायचं ते मी पिंपळाआडून ऐकायचो. तो विचारायचा, याला मराठीत काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. तू सांगायचीस. एवढंच असायचं, पण मला त्यातही काहीतरी दडलेलं दिसायचं.

नंतर वकिलाने मला सांगितलं की बहीण भावाची कूळ होत नाही. पोट धरून हसला तो. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

शकू, बाबांनी जाताना खालचं शेत तुला म्हटलं होतं. ते मी ऐकलं होतं. आजवर म्हणत आलो की नीट ऐकू आलं नाही.

आता सिनेमाचं सांगतो. पेरुमाळने शेजारी बसून मला समजावलं. वैयापुरींचे वडील तंजावरकडे दुसऱ्याचं शेत कसत होते. मालकाने त्यांना एका दिवसात बाहेर काढलं, तेव्हा हे बारा वर्षांचे होते. मद्रासला जाऊन फिल्म धुण्याच्या कारखान्यात लागले, मग आवाज धरणाऱ्यांच्या पेट्या उचलल्या. चौतिसाव्या वर्षी पहिला सिनेमा काढला, तो चार दिवस चालला. दुसऱ्याला दिल्लीत पदक मिळालं, पण गावात तो कुणी लावला नाही. मोठे नट बिनपैशाने यायला तयार झाले, तर म्हणाले, तुमच्या हाताला घट्टे नाहीत. आपल्याकडे काढला तो तिसरा. त्यानंतर धड एकही पुरा झाला नाही. शेवटी पोरांना कॅमेरा शिकवून पोट भरत होते. आणि या माणसाला मी जमिनीचा दलाल ठरवला होता.

सिनेमात तो खडी फोडणारा आपलं शेत गेल्यावर इथे रस्त्यावर कामाला आलेला. रोज सुट्टी झाली की तुझ्या खाचराशी येऊन उभा राहतो. त्याच्या गावचं शेत तो तुझ्या शेतात बघतो. भात निसवून लोंब्या बाहेर आल्या की तो पहिल्यांदा हसतो. हॉलमध्ये माझ्यामागे एक बाई रडत होती. शेवटी कापणी दाखवायची आणि त्याने तुझ्याबरोबर एक मूठ कापायची, असं ठरलेलं होतं म्हणे.

ती कापणी झाली नाही, कारण त्या दिवशी पहाटे खाचर कापलेलं होतं.

मला वाटलं होतं, ते सगळं त्यांनी टाकून दिलं असेल. नाही. कॅमेरा तसाच चालू ठेवला होता त्यांनी. पडद्यावर तू बांधावरून येतेस, हातात विळा, आणि थांबतेस. तुझा आवाज येतो, "माजं भात कुनी कापलं रं, दादा?" आणि माझा आवाज येतो. मी दिसत नाही, नुसता आवाज. "मला काय ठाव? वाडीवरच्या शुक्रानं कापलं असंल."

सगळ्या हॉलमध्ये मराठी कळणारा मी एकटाच आहे, असं मी मनाला समजावलं. मग पेरुमाळकडे बघितलं. तो बारा वर्षं इथे नोकरी करतो. तो पडद्याकडेच बघत राहिला.

पुढे तू खाली वाकतेस. एका धसकटावर बोट फिरवतेस, मग दुसऱ्या. कॅमेरा अगदी जवळ जातो. सगळे काप उलट्या बाजूला उतरलेले. शकू, आपल्या अख्ख्या गावात डावखुरा मी एकटा. तू वर बघतेस, माझ्याकडे. किती वेळ तो चेहरा पडद्यावर होता सांगता येत नाही. सिनेमा तिथेच संपतो.

म्हणजे तुला त्याच क्षणी कळलं होतं. वैयापुरींनाही कळलं होतं, उगाच नाही त्यांनी तो कॅमेरा जवळ नेला. जाताना माझ्या पाया पडले होते, वयाने मोठे असून. मला वाटलं, नाटकं करतोय. आज वाटतं, घरात राहू दिल्याबद्दल खरंच पडले असतील. हेही मला नक्की सांगता येत नाही.

आणि आता जे लिहायला मी बारा वर्षं लावली. आठ दिवसांनी तुला खालापूरला नेलं. मद्राशाने शेतावर दावा लावू नये म्हणून कागद करायचाय, असं सांगितलं. तो हक्कसोडीचा कागद होता. सगळ्या बहिणी करतात, तूही केलास, पण तुला न सांगता करून घेतला. तू सही केलीस, महिन्याने जिजाचा हात धरून पोशीरला गेलीस आणि परत आली नाहीस. मी लोकांना सांगत राहिलो, मद्राशाने तिचे कान भरले.

पण धसकटं बघून तुला मी खोटा आहे हे ठाऊक होतं. मग सही का केलीस गं? माहेर तुटू नये म्हणून? की मी किती खाली जातो ते बघत होतीस? गेला आठवडाभर मला याच एका गोष्टीने जेवण जात नाही. आजवर सगळ्यांवर संशय घेतला, तू मात्र सगळं माहीत असून माझ्यासमोर कागदावर नाव लिहिलंस.

माझ्या त्या एका वाक्यामुळे शुक्राला त्या वर्षी गावात कुणी कामावर घेतलं नाही. बायकोला, बुधीला, घेऊन तो कोळशाच्या भट्टीवर गेला. मी वाडीवर जाऊन विचारलं. कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही.

परवा खालापूरला जाऊन खालच्या शेताचं बक्षीसपत्र लिहायला दिलं. तुझंच तुला द्यायचं तर बक्षीस कसलं, पण कचेरीत त्याला हेच नाव आहे. सहीची तारीख २२ डिसेंबर, गुरुवार. तुलाही यावं लागेल.

ये, आणि लवकर ये. माझा माझ्यावर भरवसा नाही. हायवेलगतच्या जमिनी विचारत रोज कुणीतरी गाडीतून उतरतं, आणि आपला गजा, मुलगा या हक्काने, शेत विका म्हणून रोज माझ्या मागे लागतो. गुरुवारी माझं पोट दुखेल, किंवा तलाठ्याचाच संशय येईल. तसं झालं तर हे पत्र घेऊन दारात उभी राहा. वकिलाला दाखव, पंचांना दाखव. म्हणून खाली नुसतं दादा असं लिहीत नाही.

भात मी कापलं. शुक्राने नाही.

मोरेश्वर नागू ठोंबरे
राहणार कुंभिवली, ता. खालापूर
सही डाव्या हाताने