भाऊबीजेला मोकळं पाणी

तलाव, पालमजवळ
दि. १८ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
दत्ताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मी नुसतं हं-हं करतो, म्हणून आबांच्या वेळच्या रिवाजानं पत्र लिहितोय. सूनबाईला, माधवीला, वाचून दाखवायला सांग. मामेसासऱ्याच्या अक्षराला हसायचं नाही म्हणावं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितल्यापासून मला घास गोड लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून जपायची, असंच म्हणाले ना? मग थेंब चुकवू नकोस. तू लहानपणापासून औषधाची लय चोर आहेस.

तलावाचं विचारलंस. जलपर्णीनं पार झाकून टाकलाय. सरजाबाईची शेळी परवा हिरवं रान समजून आत शिरली आणि पोहत बाहेर आली. खाली रोहू-कटला चांगला वाढलाय, पण जाळं टाकायला जागा नाही की तराफा सरकत नाही. मच्छीमार सोसायटीनं तणनाशक फवारायचं ठरवून पंप माझ्या पाठीवर दिलाय. तालुक्याहून आलेले साहेब बजावून गेले, की एकदम सगळं मारायचं नाही. एक पट्टा मारायचा, तो कुजून तळाला बसला की दुसरा. सगळं एकदम कुजलं तर पाण्यातली हवा संपते आणि मासा गुदमरतो. या हिशेबानं काम उन्हाळ्यापर्यंत जाईल.

माझी काळजी सोड, स्वतःची घे. माया आहे तशी असू दे.
तुझा,
दत्ता

पिंगळी
दि. १ सप्टेंबर २०२४

चि. दत्तास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर वाचता वाचता माधवीनं दोनदा चष्मा पुसला. शेळीचं ऐकून मी पोट धरून हसले. लय दिवसांनी हसले बघ.

डोळ्यांचं म्हणशील तर आता नळीतून बघावं तसं दिसतं. समोरचं थोडं, बाजूचं काही नाही. परवा तुळशीला पाणी घालायला गेले आणि सगळं पायावर ओतलं. आदिनाथ मला उंबऱ्याबाहेर एकटीला जाऊ देत नाही. पोटच्या पोरानं आपल्याला असं जपावं, याचंही रडू येतं.

माझ्या मनात एकच राहिलंय. आबा संध्याकाळी जाळं ओढून यायचे तेव्हा आपण बांधावर बसायचो. सगळं पाणी तांबडं व्हायचं आणि मासे उडायचे, डुबुक, डुबुक. भाऊबीजेला भावानं बहिणीकडे यायचं असतं, पण यंदा मीच तुझ्याकडे येते. ओवाळणीत साडी नको. ते मोकळं पाणी एकदा डोळ्यांनी बघू दे. पुढच्या वर्षी बघायला डोळे असतील असं वाटत नाही.

मनकर्णेला सांग, मरळीचं कालवण तिच्याच हातचं पाहिजे. तब्येतीला जप, आणि या म्हातारीवर राग धरू नकोस.
तुझी,
अक्का

तलाव
दि. ६ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
दत्ताचा शि. सा. न. वि. वि.

पहिला पट्टा बसला. तेवढ्यापुरतं आभाळ पाण्यात दिसायला लागलंय. पण या चालीनं गेलो तर भाऊबीजेला पाव तलावसुद्धा उघडत नाही. मनकर्णा म्हणते, वन्संना तेवढं दाखवा, त्यांना कुठं मोजायचंय. मला ते पटत नाही. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. तेव्हापासून आजवर माझ्याकडे काही मागितलं नाहीस. आता मागितलंस ते पाव भाग कसं देऊ?

यंदा पाऊस दांडगा झालाय, तलाव काठोकाठ आहे. एवढ्या पाण्याला काय होतंय? मी बघतो काय ते. तू फक्त ये.

थेंब घालतेस ना? आशीर्वाद पाठीशी राहू दे.
तुझा,
दत्ता

तलाव
दि. २५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. माधवीस,
मनकर्णामामीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्यापुरतंच ठेव. वन्संना वाचून दाखवू नकोस.

दसरा झाला आणि तुझ्या मामांनी कुणाला न विचारता उरलेला सगळा तलाव फवारून टाकला. मी हाताला धरून अडवलं, तर म्हणाले, अक्काचे डोळे माझ्यासाठी थांबणार न्हाईत. हिरवं पिवळं पडलं, मग काळं पडून कुजायला लागलं. घरात बसवेना इतका वास. परवा पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडायला लागले. दिवस वर आला तोवर पांढरी पोटं कडेला लागली होती. एवढे मोठाले रोहू, माधवी, दोन हातांत मावत नव्हते.

सोसायटीतल्या कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. सरजाबाईचं घर या तलावावरच चालतं. ती बांधावर बसून एवढंच म्हणाली, की दत्ता, आमाला तरी इचारायचं व्हतं. त्या दिवसापासून हे खड्डे खणून मासे पुरायलेत. जेवत नाहीत. एकच घोकतात, पाणी मोकळं झालं, अक्काला दाखवायचं.

वन्संना कळलं तर त्या येणार नाहीत, आणि त्या आल्या नाहीत तर हे कशासाठी उभे राहतील मला कळत नाही. त्यांना घेऊन ये. कालवणाचं मी काहीतरी बघते. आम्हाला परकं करू नकोस.
तुझी,
मामी

पिंगळी
दि. १० नोव्हेंबर २०२४

चि. दत्तास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

घरी सुखरूप पोचलो. मनकर्णेचं वांग्याचं भरीत छान होतं. मरळीचं मी मुद्दाम विचारलं नाही.

तू मला हाताला धरून बांधावर नेलंस. पाणी कसं तांबडं झालंय, पलीकडे बगळे कसे बसलेत, सगळं सांगत होतास. मी म्हटलं, होय रे, केवढं मोठं दिसतंय. दत्ता, मला काही दिसलं नाही. घटस्थापनेपासून धुरकट उजेड तेवढा राहिलाय. तू एवढा राबतोयस, तुला कसं कळवू, म्हणून मी माधवीला लिहू दिलं नाही.

मग मी विचारलं, मासे का उडत नाहीत? तू म्हणालास, थंडी पडलीय. अरे, थंडीतच तर आबा जाळं भरून आणायचे. येताना एसटीत माधवीला शपथ घातली, तेव्हा तिनं रडत रडत सगळं सांगितलं.

मी तेव्हाच कळवलं असतं तर तू घाई केली नसतीस. सरजाबाईच्या चुलीचं पाप तुझ्या एकट्याच्या माथी नाही. तिच्याकडे तू जाशील तेव्हा मला बरोबर ने. दोघं मिळून तिच्यापुढे उभे राहू.

जेवत जा. पुढच्या भाऊबीजेला तू इकडे ये. निरांजन कुठं धरायचं ते मला तुझ्या आवाजावरून कळेल. एवढी माया माझ्यासाठी शिल्लक ठेव.
तुझी,
अक्का

ता. क. थंडीचं सांगत होतास तेव्हा लांब पाण्यात एकदा डुबुक झालं. तू बोलत होतास, तुला ऐकू आलं नाही. मरळ असेल, ती वर येऊन श्वास घेते, म्हणून तगली असेल. सरजाबाईला सांग.