खिडकी बंद करून गेले

ती. ताईस,
वाकायला नको म्हणून साष्टांग नमस्कार कागदावरच.

काळजी करू नकोस. लघवीला आग होते, एवढंच. आयुर्वेदाच्या ग्रंथांत याला मूत्रकृच्छ्र असं भारदस्त नाव आहे, पण त्याने आग कमी होत नाही. तिकीटखिडकी सोडता येत नाही, म्हणून मी पाणीच टाळत होते. डॉक्टरबाईंनी जंतुसंसर्ग सांगितला, "गोळ्या पूर्ण संपवा" म्हणाल्या. बरं वाटताच मी शहाणीने त्या बंद केल्या, आणि दुखणं परतलं! आता पुन्हा पहिल्यापासून.

साहेब म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत धरवत नाही?"

"धरूनच हे झालंय, साहेब."

आज सरळ खिडकी बंद करून गेले. रांग ओरडत होती. आधी जाऊन आले, मग सगळ्यांचं निवांत ऐकून घेतलं.

तू प्रवासात पाणी पितेस ना? खोटं लिहू नकोस.

तुझी चिडलेली,
धाकटी