क्याई सबरचा काटा

२ मार्च
सुईणबाई बू रेत्नो आज शेजारच्या पूर्वांतीच्या दारावर सरकारी स्टिकर चिकटवून गेल्या. बाळंतपणाची तारीख : १४ एप्रिल. रक्त देणारा : दीर. वाहन : पाक मार्तोयो. म्हणजे मी, वडीलधाऱ्याला इथे पाक म्हणतात. आळीत गाडी माझी एकट्याचीच. मागच्या खेपेला पूर्वांतीला मोटारसायकलवरून घाट चढवला आणि मूल वाटेतच गेलं. म्हणून या खेपेला मी आपणहून हात वर केला. बायकोने सदरा धरून खाली ओढायच्या आत.

गाडी १९८८ ची, डिझेल. नाव क्याई सबर, म्हणजे धीरराव. लोक वाडवडिलांच्या कट्यारीला क्याई म्हणतात, मी गाडीला म्हणतो. हसेनात का.

५ मार्च, सकाळ
घाटात ट्रायल. नऊ किलोमीटर चढ, चौदा वळणं, वर दवाखाना. चौथ्या वळणाला इंजिनच्या तापाचा काटा लालजवळ. ऊन फार होतं.

५ मार्च, संध्याकाळ
बायको म्हणते, ऊन कुठलं, सकाळभर धुकं होतं. धुक्याच्या वर असणार.

८ मार्च
मेकॅनिक कासिदीला दाखवली. म्हणाला, रेडिएटर चोंदलाय, उतरवून शहरात धुवायला पाठवू, आठ दिवस लागतील. पाणी कुठलं घालता म्हणून विचारलं. देवझऱ्याचं, म्हटलं. तर म्हणे, अहो पाक, त्या पाण्याने माझ्या किटलीत बोटभर चुना बसलाय! मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली. मला पाणी शिकवतो. आणि आठ दिवस गाडी नाही म्हणजे काय? गाडी ड्यूटीवर आहे.

११ मार्च
थर्मोस्टॅट स्वतः उपटून काढला. थंड देशातलं खूळ ते, जावात त्याचं काय काम? सपाटीवर काटा एकदम खाली. कासिदीला मुद्दाम जाऊन सांगितलं. तो टेम्पेची, आंबवलेल्या सोयाबीनची, भजी खात होता, खातच राहिला. हरलेला माणूस खातो.

१५ मार्च
घाट. दुसऱ्या वळणालाच लाल. माघारी आलो. वाटेत दोघांनी हात केला, मी हॉर्न वाजवला. कुणाला काही कळलं नसावं.

१९ मार्च
रोज बाटलीभर पाणी कमी होतं. खाली थेंब नाही. क्याई पितेय. वय झालं की तहान वाढते. धूर पांढरा, म्हणजे स्वच्छ.

२० मार्च
तेलाचं झाकण उघडलं तर आत दुधाळ कॉफी. कासिदीने बोट बुडवून पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. म्हणाला, हेड गॅस्केट गेलंय, पाणी तेलात चाललंय. पाक, ही गाडी घाटात मरणार, आणि त्या दिवशी गाडीत तुम्ही एकटे नसणार. अंगावर काटा आला. मग लक्षात आलं, मेकॅनिक लोकांना असंच बोलायची सवय असते.

२२ मार्च
बायको बाजाराला कोबीच्या टेम्पोतून गेली. क्याई दारात उभी असताना! विचारलं तर म्हणे, टेम्पोत गप्पा होतात.

२४ मार्च
पूर्वांतीचा नवरा तुगिमान रोज संध्याकाळी बटाट्याच्या शेतातून थेट इथे येतो. चिखलाचे पाय बाहेर ठेवून खिडकीतून आत वाकतो. इंजिन चालू करा म्हणतो, पुलापर्यंत नेऊन आणा म्हणतो, आणि मग काट्याकडे बघत बसतो. त्याचं ते बघणं मला सहन होत नाही. आज काटा अर्ध्याच्या वर होता. तो गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

२६ मार्च
विचार केला. गाडी उत्तम चालतेय, तक्रार फक्त काटा करतोय. म्हणजे बिघाड काट्यात. सेन्सरची वायर काढून टाकली. काटा तळाला, गपगार. प्रश्न मिटला. इतकं सोपं होतं!

२७ मार्च
तुगिमान आला, पुलापर्यंत गेलो, आलो. काटा तळाला. पोरगा चक्क हसला. त्याला हसताना मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. जाताना माझा हात कपाळाला लावला. माणसाला धीर देणं हीसुद्धा एक दुरुस्तीच. बरं वाटलं. बऱ्यापैकी बरं.

२ एप्रिल
पूर्वांतीने मागच्या सीटला खोळ शिवून आणली, निळी, फुलाफुलांची. आडवं पडता येईल ना पाक, म्हणून सीटवर निजून बघितलं. बू रेत्नोंनी शिकवलेला श्वास करून दाखवला, नाकाने आत, तोंडाने बाहेर. बायको दारातून बघत होती. पूर्वांती गेल्यावर म्हणाली, तिला खरं सांगा, नाहीतर मी सांगते. मी म्हटलं, खरं काय ते मलाच अजून पक्कं माहीत नाही.

संकल्प : १४ ला बाळंतपण, १५ ला गाडी कासिदीकडे. यात चूक काढायला जागाच नाही.

६ एप्रिल
रेडिएटरमध्ये बुडबुडे, भात शिजताना येतात तसे. पाऊस थांबत नाही. बायको माझ्याशी फक्त मिठापुरतं बोलते. आठ दिवस राहिले. क्याई एवढे आठ दिवस काढणार. काढायलाच हवेत.

७ एप्रिल
संकल्प : उद्या कासिदीकडे.

८ एप्रिल
पाऊस. उद्या.

९ एप्रिल, दवाखाना
डाव्या हाताने लिहितोय.

पाच दिवस आधीच कळा आल्या. दुपारी एकला निघालो. मागे पूर्वांती, तुगिमान. पाचव्या वळणाला करपट वास. सहाव्याला ताकद गेली. सातव्याला क्याई उभी राहिली ती राहिलीच. काटा तळाला. मी उतरलो आणि झाकण उघडलं. का उघडलं? काहीतरी करतोय असं त्यांना दिसावं म्हणून. उकळतं पाणी कोपरापर्यंत.

तुगिमान पावसात रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा. चाळीस मिनिटं कुणी आलं नाही. मग कोबीचा टेम्पो आला. पूर्वांती स्वतः चालत गेली. मी बोंबलत होतो, मला दोघांनी उचलून टाकलं. कोबीवर शेजारी शेजारी. दोन कळांच्या मधे ती माझा चांगला हात धरून सांगत होती, पाक, माझ्यासारखं करा, नाकाने आत, तोंडाने बाहेर. मी करत होतो.

मुलगी झाली. आधी रडली नाही. पडद्यापलीकडून बू रेत्नोंच्या चापट्या ऐकू येत होत्या, एक, दोन, तीन. मला भीती वाटली. एवढी भीती जन्मात वाटली नव्हती. मग रडली. मीही.

संध्याकाळ
तुगिमान पोरीला घेऊन माझ्या खाटेशी आला. मला वाटलं, दाखवायला आला. त्याने हळूच विचारलं, पाक, तो काटा कधीपासून बंद होता?

सव्वीस मार्च, म्हटलं.

तो बोटांवर मोजत राहिला. मग म्हणाला, मूल गेलं तेव्हापासून मला झोप नव्हती. ते चौदा दिवस मी झोपलो.

चिडला नाही. पोरीची दुपटी नीट केली आणि गेला.

हात आता दुखत नाही, असं लिहिणार होतो. दुखतोय.