आधी वजन, मग स्प्रिंग

हडर्सफील्ड
१२ एप्रिल १९८७

प्रिय हेस्टर,
स. न. वि. वि.

तुझ्या पाचही कुत्र्यांना आणि त्यांच्यानंतर तुला आठवण. बातमी मोठी आहे, तेव्हा चष्मा लाव. मी कॅरॅव्हॅन घेतली! एका निवृत्त पोस्टमास्तरची होती, तेरा फुटी, आत दोन बाक, एक शेगडी, एक बेसिन. पडदे भयंकर आहेत, पण ते तुझी लाडकी भावजय म्युरिएल बदलणार आहे.

कशासाठी, ते तुला सांगायला नकोच. गेल्या वर्षीच्या मार्चपासून तिचं ते पोटातल्या नळीचं चालू आहे. दिवसातून चार वेळा दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, आधीचं बाहेर काढायचं, आणि तेही स्वच्छ खोलीत, दार लावून. मूत्रपिंडं गेली ती गेलीच, आता त्यांचं काम त्या पिशव्या करतात. पण त्यांनी तिला घराला बांधून टाकलंय. तेव्हापासून ती एक रात्रही बाहेर राहिलेली नाही. हॉटेलात जायला लाजते. तुझ्याकडे कुत्री. मग आपली खोली आपल्याबरोबर न्यायची, एवढाच मार्ग मला दिसला. मेअखेर दोन आठवडे येऊ म्हणतो. तुझ्या शेजारच्या प्रिचर्डला त्याच्या कुरणाचा कोपरा मागून ठेव, जिथून समुद्र दिसेल असा.

ओढायला आपली इस्टेट मोटार आहेच. तिची डिकी एवढी लांबरुंद आहे की छप्पन्न पिशव्यांची सगळी खोकी आत बसूनही वर आमच्या बॅगा राहतील. मी मोजून पाहिलंय.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा,
ऑब्री


ॲबरडॅरन
१७ एप्रिल १९८७

प्रिय ऑब्री,
अनेक आशीर्वाद, आणि तुला ते लागणार आहेत असं दिसतंय.

म्युरिएल येणार हे वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्यानं हसले. प्रिचर्डशी बोलले. कोपरा देतो म्हणाला. वर म्हणाला की तुझा भाऊ फाटक मोडणार नसेल तर. मी कसलीही हमी दिलेली नाही.

आता ऐक. डिकीत किती मावतं ते तू मोजलंस. त्याचं वजन किती, ते मोजलंस का? छप्पन्न पिशव्या, दोन दोन लिटरच्या. सव्वाशे किलो झाले बाबा! तेही मागच्या चाकांच्या मागे. त्यात मोटारीला कॅरॅव्हॅन जोडायच्या आकड्यावर तिच्या नाकाचा भार. मोटारीचं बुड खाली बसलं की तोंड वर उचललं जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. युद्धात मी तीन वर्षं लष्कराचा ट्रक हाकला, मागे ट्रेलर लावून, आणि तेव्हा तू शाळेत शाई सांडत होतास, हे विसरू नकोस.

न्हाणीघरातला वजनकाटा घे आणि कॅरॅव्हॅनचं नाक त्यावर टेकवून बघ. आकड्याला किती सोसतं ते त्याच्या पट्टीवर कोरलेलं असतं. नुसतं वाचू नकोस, कर.

म्युरिएलला माझा गोड पापा. ती पिशवी लावून बसते तेव्हा तिच्याजवळ बडबड करत बसू नकोस, तिला वाचू दे.

माया करणारी,
हेस्टर


हडर्सफील्ड
३ मे १९८७

प्रिय हेस्टर,
स. न. वि. वि.

घाईत चार ओळी. कॅरॅव्हॅन उत्तम आहे, मोटार उत्तम आहे. पण म्युरिएलला जरा थकवा वाटतो, तेव्हा यंदाचं येणं बहुतेक पुढे ढकलावं लागेल. प्रिचर्डला तसं सांग. त्याचं फाटक वाचलं म्हणावं. बाकी इकडे बागेत मटार छान आलेत. काळजी नसावी.

लोभ असू दे.
ऑब्री


हडर्सफील्ड
४ मे १९८७

प्रिय हेस्टर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र ऑब्रीला न सांगता लिहिते आहे. तो काल पेटीत पत्र टाकून आला, आणि त्यात माझा थकवा असणार हे मला त्याच्या चालण्यावरून कळलं. मी थकलेली नाही. खरं काय झालं ते सांगते.

परवा शनिवारी आम्ही रंगीत तालीम केली. सगळं खऱ्यासारखं भरलं. खोकी डिकीत, दाराशी लावायचा कापडी मंडप, हत्यारांची पेटी, सूपचे डबे कॅरॅव्हॅनच्या पुढच्या कप्प्यात. जोडल्यावर मोटार अशी बसली की शेजारच्या मिसेस बूथनी कुंपणावरून विचारलं, चाक पंक्चर आहे का? ऑब्री म्हणाला, इस्टेट गाड्या अशाच दिसतात. फाटकातून निघताना आकडा दगडावर खरडला. समोरून येणारे भर दुपारी दिवे मारत होते. त्यानं दोघातिघांना हात केला. त्याला वाटलं, कॅरॅव्हॅनवाले एकमेकांना ओळख देतात.

माळावरच्या उतारावर एक लॉरी आम्हाला ओलांडून गेली आणि कॅरॅव्हॅन मागे शेपटीसारखी हलायला लागली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, प्रत्येक वेळी जास्त. आमची मोटार तिच्याबरोबर ओढली जात होती. ऑब्री स्टिअरिंग फिरवत होता आणि मोटारीला ते कळतच नव्हतं. शेवटी त्यानं ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घेतला, ब्रेक दाबला नाही, आणि ती आपोआप शांत झाली. कड्याचा दगडी कठडा माझ्या खिडकीपासून हातभर होता.

घरी येताच त्यानं कॅरॅव्हॅन सोडवून ठेवली. मग गॅरेजमध्ये जाऊन बसला. चहाला बोलावलं तर म्हणाला की मी तुला मारलं असतं, म्युरिएल. आज त्यानं कॅरॅव्हॅन विकण्याची जाहिरात दिली. पडदे मी कालच शिवून पुरे केले होते.

मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. पण हेस्टर, इतक्या महिन्यांत ती पहिली भीती होती जिचा माझ्या रक्ताच्या तपासण्यांशी काही संबंध नव्हता. वेड्यासारखं वाटेल, पण घरी आल्यावर मला भूक लागली. मला यायचं आहे. त्याला हे मी सांगितलं तर तो मान खाली घालतो. तू सांगितलंस तर कदाचित भांडेल, आणि भांडला तर बरं.

तुझी माया आहेच, म्हणून इतकं लिहिलं.
तुझी,
म्युरिएल


ॲबरडॅरन
८ मे १९८७

प्रिय ऑब्री,
आशीर्वाद आहेत, पण आज ते थोडे तिखट आहेत.

जाहिरात मागे घे. मला कोणी सांगितलं ते विचारू नकोस. पाच कुत्र्यांपैकी एक बोलतं, असं समज.

तुला एक गोष्ट सांगते, जी मी आईलाही सांगितली नव्हती. बेचाळीस साली सॉल्झबरीजवळ माझ्या ट्रकमागे बटाट्यांचा ट्रेलर होता. भरताना मला घाई झाली होती. वीस पोती ट्रकच्या अगदी मागच्या फळीशी लावली, बाकी ट्रेलरच्या नाकावर. उतारावर तो असाच हलायला लागला आणि मी घाबरून ब्रेक दाबला. ट्रेलर उलटा होऊन चरात गेला. ट्रेलरमध्ये बसलेल्या कॉर्पोरल मुलीचा खांदा मोडला. एडिथ तिचं नाव. मी दुसऱ्याच दिवशी, मला मोटारखात्यातून काढा, असा अर्ज दिला. आमच्या सार्जंटबाईंनी तो अर्ज वाचला, परत माझ्या हातात दिला, आणि म्हणाल्या की पोती पुन्हा भर. भरली. उतरव. उतरवली. तीनदा. चौथ्या वेळी म्हणाल्या, आता तो उतार पुन्हा उतरून दाखव.

तू ब्रेक दाबला नाहीस. म्हणजे माझ्यापेक्षा तुझं डोकं जास्त शाबूत राहिलं. ही तारीफ मी पुन्हा करणार नाही, तेव्हा पत्र जपून ठेव.

आता काम. नव्या स्प्रिंगा बसवून घे, मोटार अकरा वर्षांची आहे, मागच्या स्प्रिंगा दमल्या असणार. पण आधी वजन हलव. स्प्रिंगनं बुड वर येतं, भार कमी होत नाही. मोटार सरळ दिसते आणि माणूस फसतो. जड ते कॅरॅव्हॅनच्या चाकांच्या बरोबर वर, जमिनीलगत. पुढच्या कप्प्यात जवळजवळ काही नको. मागच्या टोकालाही काही लोटू नकोस, त्यानं हलणं वाढतं.

आणि ती सगळी खोकी ओढत आणायचीच कशाला? म्युरिएलला सांग, इस्पितळातल्या नर्सला विचार. तीन आठवडे आधी कळवलं तर पिशव्या सुट्टीच्या पत्त्यावर पोचवतात, असं आमच्या इथल्या दवाखान्यातली बाई म्हणाली. त्या ठेवायला माझी पुढची खोली मी घासून काढली आहे. कुत्र्यांना तिथे मज्जाव.

हे सगळं करून तू तो उतार पुन्हा उतर. नाही उतरलास तर मी सदुसष्टाव्या वर्षी रेल्वेनं येईन, तुझी कॅरॅव्हॅन विकत घेईन, आणि तुझ्या बायकोला स्वतः घेऊन येईन. तू बस मटार सोलत.

तुझीच,
हेस्टर


हडर्सफील्ड
१७ मे १९८७

प्रिय हेस्टर,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रागावलो. मग गॅरेजमध्ये जाऊन ते पुन्हा वाचलं. एडिथचं तर तिसऱ्यांदा. तू कधी घाबरली असशील, हे मला आजवर सुचलंच नव्हतं.

जाहिरात मागे घेतली. मग वजनकाटा. काट्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर कॅरॅव्हॅनचं नाक. म्युरिएल ओणवी होऊन काट्यावरचं वजन वाचायला, आणि वाचून ती उठलीच नाही, तशीच हसत बसली. सत्त्याण्णव किलो! पट्टीवर कोरलंय साठ. मी स्वतः जाऊन पुढे आकड्यावर बसलो असतो तरी याहून फार वेगळं झालं नसतं. मंडप, हत्यारं, डबे, गॅसची दुसरी टाकी, सगळं बाहेर काढलं. टाकी आणि निम्मी हत्यारं घरीच ठेवणार. मंडप चाकांच्या वर, जमिनीवर. पुन्हा मोजलं, सत्तावन्न.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं, हर्स्टनं, जुन्या स्प्रिंगा काढून दाखवल्या. एक तर मधून तडकलेली होती. जाड तारेच्या नव्या घातल्या. चाकावरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत मी टेपनं मोजलं. रिकामी असताना साडेपंचवीस इंच. त्या शनिवारी सगळं भरून जोडलेली असताना ती वीस असावी, मिसेस बूथच्या मते त्याहून कमी. आता जोडून चोवीस. नर्सनं व्यवस्था केली आहे. दहा दिवसांच्या पिशव्या तुझ्याकडे परस्पर येतील. आमच्याबरोबर फक्त चार दिवसांच्या, त्याही बाकाखाली, चाकांवर.

काल तो उतार उतरलो. मी एकटा जाणार होतो. म्युरिएल आधीच जाऊन मोटारीत बसली होती, पट्टा लावून. मी म्हटलं, उतर. ती म्हणाली की या मोटारीत आता सव्वाशे किलो पाणी नाही, तेव्हा माझ्यापुरती जागा आहे. मी गाडी सुरू केली.

माथ्यावर मी आरसे पुन्हा एकदा नीट केले. एक दुधाची लॉरी मागून आली आणि ओलांडून गेली. कॅरॅव्हॅननं एकदा खांदा उडवल्यासारखं केलं आणि सरळ चालत राहिली. खाली येऊन मी गाडी बाजूला घेतली. हेस्टर, मला रडू आलं. म्युरिएलनं थर्मास उघडला, चहा ओतला आणि मला म्हणाली की आता पुढचे दीडशे मैल तू बडबड केलीस तरी चालेल.

तीस तारखेला निघतो. प्रिचर्डला फाटक पूर्ण उघडून ठेवायला सांग.

तुझा लोभ मला ठाऊक आहे,
ऑब्री


हडर्सफील्ड
१५ जून १९८७

प्रिय हेस्टर,
सप्रेम नमस्कार.

परवा दुपारी सुखरूप पोचलो. वाटेत दोनदा वाऱ्याचा झोत आला, पण गाडी सरळ राहिली. ऑब्री प्रत्येक थांब्यावर टेप घेऊन कमान मोजत होता. कॉर्वेनच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या एका कॅरॅव्हॅनवाल्याला तो वजनकाट्याचं प्रवचन देताना सापडला. तो बिचारा ऐकत होता, कारण त्याची मोटार मागून अगदी आमच्या पहिल्या दिवसासारखी बसलेली होती. ऑब्रीनं त्याच्याकडून दोन पेट्या डिकीतून काढून चाकांवर ठेवून घेतल्या, तेव्हाच सोडलं.

तुला तोंडावर सांगायचं राहिलं, ते लिहिते. पहिल्या सकाळी मी दार लावून हात धुतले, पिशवी जोडून टांगली, मग दाराचा वरचा अर्धा भाग उघडला आणि बाकावर बसले. पाणी आत यायला दहा मिनिटं लागतात. घरी ती दहा मिनिटं मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते. तिथे समोर भरती येत होती. पिशवी संपली तरी मी उठले नाही. ऑब्री बाहेरून विचारत होता, काही बिघडलं का? मी म्हटलं, काही नाही, जरा थांब. त्याला थांब म्हणताना पहिल्यांदाच माझ्या आवाजात आजार नव्हता.

तुझी पुढची खोली, तो पिशव्या पोचवणारा माणूस ज्याला तू बळेच केक खायला लावलास, गुडघाभर थंड पाण्यात आपण दोघी उभ्या राहून ओरडलो ते, सगळं घेऊन आले आहे. आज सकाळी इस्पितळात जाऊन आले. तपासण्या जशा होत्या तशाच आहेत, ना बऱ्या, ना वाईट. डॉक्टरांनी सुट्टी कशी गेली ते विचारलं. मी सांगायला लागले तर बाहेरचे लोक खोळंबले.

ऑब्री सप्टेंबरात स्कॉटलंड म्हणतोय. तिथल्या दवाखान्यांचे पत्ते नर्सकडून लिहून आणलेत.

परवा घराच्या दारात किल्ली लावताना मी क्षणभर थबकले. ऑब्रीला वाटलं, चक्कर आली. तसं नव्हतं. गेल्या वर्षीच्या मार्चनंतर मी पहिल्यांदाच घरी परत येत होते. परत यायला आधी कुठेतरी जावं लागतं ना!

माया केलीस, तशीच करत राहा.
तुझी,
म्युरिएल