जवारी, पण ती नव्हे

मिरज, शुक्रवार

आदरणीय बिराप्पामामा,

सृष्टीचा मिरजेहून वाकून नमस्कार. मेंढरं बरी असतील आणि मामींचा गुडघाही. (क्रम चुकला असेल तर मामींना वाचून दाखवू नका.)

मामा, पहिल्याच वर्षाला मला संशोधन मिळालं म्हणून तुम्ही आटपाडीत पेढे वाटलेत, आणि दादांनी उन्हाळी सुट्टीत मला इथंच राहू द्यायचं कबूल केलं. पण मी फोनवर सांगितली ती जवारी तानपुऱ्याची. तुम्ही सगळ्यांनी ऐकलीत ती शेतातली. तार आणि घोडी (हिच्यावर कुणी बसत नाही, तारा टेकतात) यांच्यामध्ये दोरा सरकवला की सूर खुलतो, त्याला जवारी म्हणतात. तो का खुलतो, हे मी मोबाइलवर आवाज टिपून शोधते आहे. आधी पदवी तरी होऊ दे, असं मी आमच्या प्रांजल मॅडमना म्हणाले होते. त्या म्हणाल्या, प्रश्न पडायला पदवी लागत नाही. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही. दोरा केसभर सरकवते आणि कुणीच न छेडलेला एक सूर वरून तरंगत येतो. मग मला आपलं माळरान दिसतं, त्यावरचा वारासुद्धा दिसतो, आणि तासाची घंटा ऐकू येत नाही. (हजेरी कमी भरली आहे. ते सवडीनं सांगेन.) इतकं सुख मला आजवर कशात वाटलं नव्हतं.

तर आज आपले शेजारचे कोंडीबातात्या काणी पडलेल्या कणसांचं गाठोडं घेऊन थेट प्रयोगशाळेत हजर. रोगावर औषध सांग म्हणाले. मी कणसं वनस्पतीशास्त्राच्या सरांकडे पोचवली आणि तात्यांना लाजत लाजत तानपुरा ऐकवला. बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "पोरी, ह्या जवारीची भाकरी हुयाची न्हाई. पर झोप लय ग्वाड लागंल." आणि बाकावरच आडवे झाले. उठले की हे पत्र त्यांच्याच हाती देईन. (आपल्या घरात फोन सगळ्यांनी मिळून ऐकायचा असतो, म्हणून पत्र.) दादांना खरं कळलं तर सुट्टी लागल्या दिवशीच मला न्यायला येतील, याची फार भीती वाटते.

तुमची भाची,
सृष्टी

ता. क. – दादांना तुम्हीच सांगा. लेकीचं नाही, पण मेहुण्याचं ते ऐकतात.

ता. क. दुसरा – माझ्या नव्या बियाण्यासाठी दादांनी विहिरीकडचा काळा तुकडा राखून ठेवलाय, असं तात्या झोपेत जाता जाता बोलून गेले. मला रडूच आलं. तिथं तानपुऱ्याचे भोपळे लावतील का, तेवढं विचारा. म्हणजे संशोधन शेतातलंच झालं.

ता. क. तिसरा – भोपळा वाढून पुरता वाळायला पुढचा उन्हाळा उजाडतो म्हणे. तेव्हा पुढच्या सुट्टीचंही आत्ताच विचारून टाका.