सुतळीने बांधलेला दांडा

बुधवार, संध्याकाळ

सांगाडा, पाचर, तेलाची टाकी, दोन दांडे. लाकूड फोडायचं अख्खं हायड्रॉलिक मशीन मी कुणाकडे न शिकता या हातांनी केलं. दोन्ही दांडे एकदम दाबले तरच पाचर सरकते, म्हणजे हात लाकडापासून लांब राहतात. साक्रीच्या वखारीतल्या सुकाआबांनी काम लवकर उरकावं म्हणून एक दांडा दाबून सुतळीने बांधला. मोकळा हात लाकडावर. दोन बोटं गेली.

आज दवाखान्यात आबा स्वतःलाच दोष देत म्हणाले, "चूक मनी शे, भाऊ, तुनी नही."

पण सुतळी बांधता येईल असा दांडा केला कुणी? तेलगळतीचा थेंबन्‌थेंब तपासला, सुतळी कशी सुचली नाही?

घरी मशीनं घ्यायला आलेले जामनेरचे शेठ बसलेले. "मिस्त्री, ज्याची बोटं त्याने सांभाळावी. एकच दांडा ठेवा."

नाही म्हटलं. एका दांड्याची पाच मशीनं, रोख साडेचार लाख, सगळं सोडलं.